दहा म्हणालो, वीस होत्या

आधीच सांगून टाकतो, मला कॅन्सर नाहीये. म्हणजे आजच्या तारखेला तरी नाहीये, याच्या पुढे डॉक्टरही बोलत नाहीत आणि मीही विचारायचं सोडून दिलंय. पण मधले सहा महिने जे काय गेले ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण माझ्यासारखे 'आपण तर सिगारेट कधीच सोडली' म्हणून निवांत बसलेले पुष्कळ असणार.

सुरुवात माझ्यापासून झालीच नाही. आमच्या टीममधला एक जण, वय ४७, सिगारेट आयुष्यात तोंडाला लावली नाही, रोज पळायला जाणारा माणूस, त्याला खोकला लागला. कोरडा, सारखा ठसका लागल्यासारखा. अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, मग दुसरा झाला, मग ॲलर्जीच्या गोळ्या, मग खांदा दुखायला लागला तर म्हणे कॉम्प्युटरवर बसून दुखत असेल, असे तीन महिने निघून गेले आणि मग कधीतरी एक्स-रे निघाला. फुप्फुसाचा कॅन्सर. ऐकल्यावर मी त्याला फोन केला, इकडचं तिकडचं बोललो आणि न राहवून विचारलंच, "पण तू कधी ओढायचास का रे? कॉलेजात वगैरे?" तो हसला. म्हणाला, "हे विचारणारा तू अकरावा."

फोन ठेवल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली, कारण विचारणारा कोण तर ज्यानं २२ वर्षं धूर काढला तो. आणि ज्याला विचारलं त्याला आपण निर्दोष आहोत हे अकरा वेळा सिद्ध करावं लागलेलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की जगभरात फुप्फुसाच्या कॅन्सरचे जे पेशंट असतात त्यातले १० ते २५ टक्के कधीच न ओढलेले असतात. त्याचा प्रकार ॲडिनोकार्सिनोमा होता, गाठीची तपासणी केली तर ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल सापडला आणि त्यावर चालणाऱ्या गोळ्या मिळतात त्या त्याला सुरू झाल्या. पण ते त्याचं, त्यानंच कधीतरी लिहावं.

मी मात्र त्या रात्री हिशोब करत बसलो. २१ व्या वर्षी सुरू केली, ४३ व्या वर्षी सोडली, आता ५४. सोडून अकरा वर्षं झाली. सोडायच्या आधी काही वर्षं 'लाइट'वाल्या ओढायचो, तेवढंच कमी नुकसान म्हणून. त्याचं पुढे कळलं ते भारीच होतं. त्या सिगारेटच्या फिल्टरला बारीक बारीक भोकं असतात, बाहेरची हवा आत येऊन धूर पातळ व्हावा म्हणून, आणि मशीनवर मोजलं की टार कमी भरतं. पण मशीनला बोटं नसतात ना. आपण धरतो तेव्हा ती भोकं बोटांनी नाहीतर ओठांनी दाबली जातात, आणि नाही दाबली तरी निकोटीन कमी पडतं म्हणून माणूस आणखी जोरात, आणखी खोल ओढतो. म्हणजे मी इतकी वर्षं लाइटच्या नावाखाली धूर फुप्फुसाच्या पार टोकापर्यंत पोचवत होतो, आणि वर स्वतःला शाबासकी देत होतो.

छातीच्या डॉक्टरांकडे गेलो, बायको सोबत होतीच. डॉक्टर बाईंनी पहिल्यांदा विचारलं काही त्रास आहे का, मी म्हटलं काहीच नाही, जिना चढतो, झोप लागते, वजन तेवढंच. त्या म्हणाल्या, त्रास नाही याचा फुप्फुसाच्या बाबतीत फारसा उपयोग नसतो. आत दुखणं कळवणाऱ्या नसाच जवळपास नाहीत, त्या बाहेरच्या आवरणाला असतात, त्यामुळे गाठ आवरणाला किंवा मोठ्या श्वासनळीला भिडेपर्यंत माणूस ठणठणीत. मग त्यांनी कागद ओढला आणि विचारलं, "रोज किती ओढायचात?"

मी म्हटलं, "दहाएक."

बायको माझ्याकडे न बघताच डॉक्टरांना म्हणाली, "दहा कुठल्या, पाकीट संपायचं. शेवटी शेवटी तर दीड."

आता खरं सांगतो, मी मुद्दाम खोटं बोललो नव्हतो. माझ्या डोक्यात खरंच दहाच होत्या. सोडल्यावर माणूस आपला आकडा आपोआप निम्मा करून ठेवतो बहुतेक. पण त्या कागदावर काय झालं ते बघा. २० सिगारेटचं एक पाकीट रोज असं एक वर्ष ओढलं की एक पॅक-इयर. मी म्हणत होतो तसं रोज अर्धं पाकीट धरलं तर २२ वर्षांचे ११. बायकोच्या हिशोबानं पहिली ६ वर्षं अर्धं पाकीट म्हणजे ३, मग १२ वर्षं एक पाकीट म्हणजे १२, शेवटची ४ वर्षं दीड पाकीट म्हणजे ६. एकूण २१. आणि डॉक्टर ज्या नियमानं बघत होत्या तो अमेरिकेतला २०२१ सालचा, वय ५० ते ८०, किमान २० पॅक-इयर, आणि अजून ओढत असाल किंवा सोडून १५ वर्षांच्या आत झाली असतील तर वर्षातून एकदा लो-डोस, म्हणजे कमी रेडिएशनचा, सीटी स्कॅन. वेगवेगळ्या देशांत आकडे थोडे इकडे तिकडे आहेत. पण माझ्या 'दहाएक'वर गेले असते तर मला घरी पाठवलं असतं. एका शब्दाचा फरक. घरी येऊन मी कॅल्क्युलेटरवर केलं, २१ पॅक-इयर म्हणजे १,५३,३०० सिगारेटी. तो आकडा बायकोला दाखवला नाही.

एक्स-रेवर का भागत नाही, हे मी विचारलंच, कारण तो साधा सोपा असतो. तर म्हणे तेच तर ताडून बघितलंय. अमेरिकेत ५३ हजारांवर सिगारेट ओढणारे आणि सोडलेले लोक घेऊन अर्ध्यांचा दरवर्षी एक्स-रे आणि अर्ध्यांचा लो-डोस सीटी असं तीन वर्षं केलं, २०११ साली निकाल आला, सीटीवाल्यांमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी. एक्स-रेत बारीक गाठ बरगडीच्या, हृदयाच्या सावलीत लपून जाते. पण डॉक्टरांनी दुसरी बाजूही लगेच सांगितली आणि मला ते आवडलं. त्याच अभ्यासात प्रत्येक फेरीला साधारण चारातल्या एकाला काहीतरी दिसलं, आणि दिसलेल्या शंभरातल्या ९६ जणांना कॅन्सर नव्हता. म्हणजे फुकटची भीती, पुन्हा स्कॅन, कधी कधी सुई टोचून तुकडा काढणं. हे सगळं मान्य असेल तरच करा, म्हणाल्या. मी हो म्हटलं. तेव्हा ते ९६ टक्के ऐकायला बरे वाटले होते.

स्कॅनबद्दल सांगण्यासारखं फारसं नाहीच. उपाशी राहायचं नाही, इंजेक्शन नाही, बोगद्यात घालत नाहीत, एक जाडजूड रिंग असते आणि टेबल त्यातून पुढेमागे सरकतं. हात डोक्यावर. स्पीकरमधून आवाज येतो, श्वास घ्या, रोखून धरा. दहा सेकंदाच्या आतच सोडा म्हणतात. रेडिएशन साधारण दीड मिलिसिव्हर्ट, म्हणजे नुसतं जमिनीवर जगून वर्षभरात आपल्याला निसर्गाकडून जेवढं मिळतं त्याहून कमीच. बूट घालायला मला जास्त वेळ लागला.

रिपोर्ट तीन दिवसांनी. उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग, सॉलिड नोड्यूल, म्हणजे छोटी भरीव गाठ, ७ मिमी. कॅटेगरी ३.

७ मिलिमीटर म्हणजे किती? घरी आल्यावर पट्टी शोधली. टेबलावर पेन्सिल होती, ती आडवी मोजली तर बरोबर ७. म्हणजे पेन्सिलीच्या जाडीएवढा गोळा माझ्या छातीत, आणि मला पत्ता नाही. ती पेन्सिल मी ड्रॉवरमध्ये टाकली, मग दोन दिवसांनी उगाच काढून परत मोजली.

डॉक्टर शांत होत्या. म्हणाल्या, या कॅटेगरीत कॅन्सर निघायची शक्यता शंभरात एक-दोन. जुन्या टीबीचा वण असेल, बुरशीचा संसर्ग होऊन बरा झाला असेल, फुप्फुसातलीच छोटी लसीका ग्रंथी असेल. मी म्हटलं मग लगेच काढून बघा ना काय ते. तर एवढ्याशा ठिपक्यावर सुई नेमकी बसणं अवघड, आणि सुईच्या भोकातून हवा बाहेर येऊन फुप्फुस मिटून बसण्याचा धोका वेगळा. त्यापेक्षा सहा महिन्यांनी परत फोटो काढू, वाढला तर बघू. आणि वाढणं म्हणजे काय ते पण त्यांनी समजावलं, ते मला आधी माहीतच नव्हतं. गाठ गोळ्यासारखी वाढते, त्यामुळे व्यास थोडा जरी वाढला तरी आतला ऐवज खूप वाढतो. ७ चा पावणेनऊ मिमी झाला तर गाठ दुप्पट झाली म्हणायची. दीड-पावणेदोन मिलिमीटर!

त्याच रिपोर्टात खाली दोन ओळी होत्या, पहिल्या दिवशी माझं लक्षच गेलं नाही. फुप्फुसात थोडा एम्फिसिमा, म्हणजे हवेच्या पिशव्यांच्या भिंती झिजलेल्या, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियम. त्यासाठी वेगळी गोळी सुरू झाली. गेलो होतो फुप्फुस दाखवायला आणि हृदयाची फाइल उघडून आलो.

मग सहा महिने. हे कसे गेले ते नीट सांगताच येत नाही. पहिल्याच आठवड्यात मला खोकला सुरू झाला, आणि तो फक्त रिपोर्ट आठवला की यायचा. बायको पलीकडच्या खोलीतून विचारायची, "अहो, हा खरा का?" रात्री नेटवर वाचायचो. रक्त पडतंय का म्हणून थुंकी बघायचो. आवाज बसला तर वाटायचं स्वरयंत्राच्या नसेवर गाठ दाबली गेली (तसं होतं खरं, पण मी मॅचमध्ये ओरडलो होतो). एका रात्री बाथरूममध्ये नखांची तपासणी केली. दोन्ही हातांची तर्जनी घ्यायची, नखाला नख, पाठीला पाठ लावायची, आणि उजेडासमोर धरायची. नखांच्या मुळाशी बारीकशी चौकटच्या एक्क्यासारखी फट दिसली पाहिजे. बोटांची टोकं फुगीर झाली की ती फट बुजते, आणि फुप्फुसाचे, हृदयाचे बरेच आजार त्यामागे असू शकतात. शॅमरॉथ नावाच्या डॉक्टरनं १९७६ साली स्वतःच्या बोटांवर हे बघून लिहिलं, त्याला हृदयाचा आजार होता. माझी फट होती. मग रात्री दोन वाजता बायकोला उठवून तिची पण बघितली. ती काय म्हणाली ते लिहीत नाही.

सांगितलं फक्त एका मित्राला. तो अजूनही ओढतो, माझ्याच बरोबर सुरू केलेली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मस्त आहे की रे, मी पण करून घेतो स्कॅन. क्लीन आला की टेन्शन नाही, वर्षभर ओढायला मोकळा." मला इतका राग आला की मी दोन मिनिटं बोललोच नाही. अरे, स्कॅन म्हणजे काय लस आहे का? तो काही अडवत नाही, झालेलं लवकर दाखवतो एवढंच, आणि काही गाठी इतक्या वेगानं वाढतात की दोन स्कॅनच्या मधल्या वर्षातच उगवून पसरतात. ओढणाऱ्यानं सोडणं हे पहिलं, स्कॅन त्याच्या नंतरचं. सोडून दहा वर्षं झाली की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका ओढत राहणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. निम्म्यावर, शून्यावर नाही, म्हणून तर मी त्या टेबलावर होतो.

तो म्हणाला, सोडून बघितली, निकोटीनचं गम पण आणलं, उचक्या लागल्या आणि पोटात आग पडली, फेकून दिलं. विचारल्यावर कळलं की साहेब ते साध्या च्युइंगगमसारखं कचाकचा चघळत होते. तसं नसतं ते. हळू चावायचं, तोंडात झिणझिणलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, झिणझिण गेली की परत दोन-चारदा चावायचं, परत ठेवायचं, असं अर्धा तास. निकोटीन गालातून आत जायला पाहिजे, लाळेबरोबर गिळलं की पोटात जातं आणि मग उचक्या. त्याच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत कॉफी किंवा आंबट काही नको, त्यानं ते शोषलंच जात नाही. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ चं. हे पाकिटावर लिहिलेलं असतं पण वाचतं कोण. मला स्वतःला पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी, चालला होता, रात्री ठेवून झोपलो की भयंकर रंगीत स्वप्नं पडायची म्हणून झोपताना काढायचो. आणि हो, सोडल्यावर पहिले काही आठवडे खोकला वाढतो, श्वासनळीतले बारीक केस परत कामाला लागून आतला कचरा वर ढकलतात. बरेच जण तिथेच घाबरून परत सुरू करतात.

मधल्या काळात नोव्हेंबर आला. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या जागृतीचा महिना असतो तो, आणि आमच्या त्या सहकाऱ्यामुळे ऑफिसात यंदा काहीतरी करायचं ठरलं. मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं आणि स्लाइड पाठवल्या, सगळीकडे काळं फुप्फुस. मी त्या काढून टाकल्या. २२ वर्षांत पाकिटावरचं कुठलंही चित्र बघून माझा हात थांबलेला नाही, मी ते पाकीट उलटं ठेवायचो. त्याऐवजी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली आणि पॅक-इयर काढायला सांगितले, कोणाला दाखवायचे नाहीत, घडी करून खिशात ठेवायचे. मी माझे आधी फळ्यावर काढले, ११ लिहिले, खोडले, २१ लिहिले आणि का ते सांगितलं. खोली एकदम गप्प झाली. मागच्या रांगेतल्या एकानं हळूच आपल्या चिठ्ठीवर काहीतरी खोडलं, मला दिसलं.

प्रश्न मात्र न ओढणाऱ्यांनीच जास्त विचारले. आमचं काय? मी डॉक्टर नाही, पण विचारून गेलो होतो. दुसऱ्याचा धूर हे तर आहेच, जपानमध्ये हिरायामा म्हणून संशोधक होते, त्यांनी १९८१ साली दाखवलं की स्वतः न ओढणाऱ्या पण नवरा ओढतो अशा बायकांमध्येही हा कॅन्सर जास्त होतो. आमच्या घरात ही ओळ मी मोठ्यानं वाचली नाही, बायकोनं स्वतःच वाचली. मग डिझेलचा धूर, ॲस्बेस्टॉस, बंद जागेत लाकूड-कोळसा जाळून होणारा धूर, बाहेरची धुरकट हवा. आणि रॅडॉन, जमिनीतल्या युरेनियमपासून तयार होणारा वायू, ना वास ना रंग, काही भागांत घरांच्या तळघरात साठतो, मोजायचं किट मिळतं. एकानं विचारलं व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी फायदा होतो का. उलटं झालेलं आहे! फिनलंडमध्ये २९ हजार ओढणाऱ्या पुरुषांना घेऊन निम्म्यांना बीटा कॅरोटीन (ज्यापासून शरीरात व्हिटॅमिन ए बनतं) दिलं, आशा होती कॅन्सर कमी होईल, १९९४ साली निकाल लागला तर गोळी घेणाऱ्यांमध्ये तो १८ टक्क्यांनी जास्त.

न ओढणाऱ्यांसाठी सरसकट स्कॅन सांगत नाहीत. त्यांनी एवढंच लक्षात ठेवायचं, खोकला तीन आठवड्यांच्या वर गेला, थुंकीत रक्ताचा एवढासा जरी धागा दिसला, त्याच त्याच जागी परत परत न्यूमोनिया झाला, किंवा कारण नसताना वजन उतरायला लागलं तर छातीचा फोटो मागून घ्यायचा. 'मी तर ओढत नाही' हे वाक्य तिथे वापरायचं नाही. आमचा सहकारी शेवटच्या खुर्चीवर बसला होता. त्याचं पुढे काय बोलायचं हे आधी त्याला विचारलं होतं. तो उठून म्हणाला, "मी फक्त एकच सांगतो, तुमच्यात कोणाला झालं तर पहिला प्रश्न तो विचारू नका. बाकी अकरा जणांनी विचारून झालंय." सगळे हसले, मी सोडून.

दुसरा स्कॅन झाला. त्या तीन दिवसांत पेन्सिल परत बाहेर आली होती. रिपोर्ट, ७ मिमी, बदल नाही. डॉक्टर म्हणाल्या आता कॅटेगरी २, पुढचा एक वर्षानं, आणि नियमात बसतोय तोपर्यंत दरवर्षी. मला वाटलं होतं मी नाचेन बिचेन. तसं काही झालं नाही, भूक लागली फक्त, आणि गाडीत बसल्यावर दहा मिनिटं मी आणि बायको काहीच बोललो नाही.

मित्राला फोन केला. "म्हणजे सुटलास," तो म्हणाला. मी म्हटलं सुटलो वगैरे नाही, वर्षभराची तारीख मिळाली. मग त्यानं दुसरंच काहीतरी काढलं, आणि फोन ठेवता ठेवता विचारलं, "ते गालात ठेवायचं म्हणालास, उजव्या का डाव्या?" कुठल्याही ठेव म्हटलं. सध्या दिवसाला ४ वर आलोय म्हणतो. तो ४ म्हणतो, मी ८ धरतो.